वळिवडे छावणी व गांधीनगर

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, करवीर तालुक्यातील वळिवडे गावालगत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेली छावणी (१९४३–४८) आणि त्याच जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून वाढलेले गांधीनगर. पोलिश कुटुंबे ज्या बराकींतून बाहेर पडली त्यांतच सिंधी कुटुंबे उतरली. कोल्हापूरकरांनी मात्र दोघांना एकाच नजरेने पाहिले नाही, आणि या जागेचा इतिहास त्यामुळेच नीट पाहण्याजोगा आहे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४०–४१ या दोन वर्षांत तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात हलवण्यात आले. हिटलरने रशियावर चाल केल्यावर चित्र पालटले. जुलै १९४१ मध्ये पोलंडचे लंडनस्थित निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैदेतले पोलिश सुटले आणि जनरल आंदर्स यांच्या सैन्याबरोबर कास्पियन समुद्र ओलांडून १९४२ मध्ये इराणला पोहोचले. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. यांतलेच पुढे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोला लढले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे मागे उरली. त्यांतली काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना बालाचडीत आसरा दिला, ती हकीकत सर्वश्रुत आहे. मुक्कामाची मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला झाली. इथली हवा सौम्य, पंचगंगा जवळ आणि कोल्हापूर–मिरज रेल्वे (सुरुवात १८९१) अगदी दाराशी. सुमारे ५ हजार माणसे इथे राहिली. बालाचडीची छावणी मोडल्यावर तिथली मुलेही इथेच आणली गेली.

कौलारू बराकींच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकाला जागा आणि पुढे व्हरांडा, अशी रचना होती. शाळा, दवाखाना, चर्च, पोस्ट, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथके, सगळे काही होते आणि सगळे पोलिश भाषेत चालत होते. छावणीचा खर्च लंडनमधल्या त्यांच्या सरकारच्या खात्यातून होई. ही बाब वरवर हिशेबाची वाटते, पण आसपासच्या लोकांच्या वागण्याचे निम्मे कारण तिच्यातच आहे. हे पाहुणे स्वतःच्या पैशाने जेवत होते. भाजी, दूध, अंडी, कोंबड्या, सरपण विकायला छावणीच्या माळावर रोज गिऱ्हाईक तयार होते, तेही रोख पैसे देणारे. भाजीवाल्यांनी आणि दुकानदारांनी पोलिश आकडे आणि शब्द शिकून घेतले ते काही भाषेच्या प्रेमापोटी नव्हे.

कुतूहल तर होतेच. गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक घालून सायकलवरून जाणाऱ्या गोऱ्या पोरी हे त्या काळच्या कोल्हापूरला नवलच होते. गोरा माणूस म्हणजे साहेब, एवढीच ओळख असलेल्या खेडुतांनी स्वतः धुणी धुणाऱ्या, बाजारात घासाघीस करणाऱ्या, मुलांना खांद्यावर घेऊन चालणाऱ्या गोऱ्या बायका प्रथमच पाहिल्या. दुसऱ्या बाजूला काळ 'चले जाव'चा होता. शेजारच्या सातारा भागात प्रतिसरकार उभे राहत होते. खुद्द कोल्हापुरात गव्हर्नर विल्सनचा पुतळा आधी विद्रूप केला गेला आणि मग फोडला गेला. धान्यटंचाई आणि महागाईने लोक मेटाकुटीला आले होते. अशा वेळी इंग्रजांच्या मेहेरबानीने आलेल्या गोऱ्यांना माळावर शाळा आणि दवाखाने मिळतात, हे ज्यांना खुपले त्यांना दोष देता येत नाही. तरीही हा सल टोकाला गेला नाही. एक तर वस्ती गावापासून अलग होती. दुसरे म्हणजे ही माणसे जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते.

गेली ती घरी नव्हे. दोस्त राष्ट्रांच्या याल्टा येथील १९४५ मधील वाटाघाटींत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे गेला, त्यामुळे बहुतेकांची गावे आता पोलंडमध्येच नव्हती. थोडे जण कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडला परतले. बाकीचे १९४७–४८ मध्ये ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. जे छावणीत वारले त्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

बराकी रिकाम्या होत असतानाच दुसरा लोंढा आला. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधमधील हिंदूंचे स्थलांतर एकदम वाढले. बोटींनी मुंबई, ओखा, पोरबंदरला उतरलेल्या या लोकांना मुंबई इलाख्यातल्या आणि आसपासच्या रिकाम्या लष्करी आणि निर्वासित तळांवर पाठवले जात होते: कल्याणजवळ (पुढचे उल्हासनगर), पिंपरीला, आणि वळिवड्याला. पोलिशांप्रमाणे यांचेही घर नकाशावरच्या रेघेपलीकडे राहिले होते. कोल्हापूरचीही त्या वर्षी घडी विस्कटलेली होती. गांधीहत्येनंतर शहरात ब्राह्मणांची घरेदुकाने जळाली, जयप्रभा स्टुडिओला आग लागली. म्हणजे माळावर परगावचे निर्वासित येत होते आणि गावातली काही कुटुंबे स्वतःच्याच गावात बेघर झाली होती. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले.

या दुसऱ्या पाहुण्यांना परत जायचे नव्हते, आणि त्यांच्यामागे पैसे पाठवणारे सरकारही नव्हते. त्यांनी पहिल्या दिवसापासून हातपाय हलवायला सुरुवात केली. कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, नफा कमी घ्यायचा, माल लवकर फिरवायचा, ही सिंधी व्यापाराची रीत इथेही चालली. गिऱ्हाइकाला स्वस्त कापड हवेच होते. पेठेतल्या जुन्या दुकानदाराला मात्र हे धंद्यावर आलेले संकट वाटले. कोल्हापूरला परका व्यापारी नवा नव्हता: शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली तेव्हा बाहेरच्या व्यापाऱ्यांना मुद्दाम बोलावून सवलती दिल्या होत्या आणि गुळाचा बाजार त्यावरच फोफावला. पण बोलावून आणलेला व्यापारी वेगळा आणि सरकारने माळावर आणून सोडलेला वेगळा. पोलिशांची परकी भाषा गंमतीची ठरली. हिंदू असलेल्या सिंध्यांची भाषा, अरबी वळणाची लिपी आणि मांसमच्छीचे जेवण यांवरून नाके मुरडली गेली, तीही तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात. 'निर्वासित' हा शब्द कितीतरी वर्षे हिणवण्यासाठी वापरला गेला. मदत करणारेही होते. उधारीवर माल देणारे, मुलांना शाळेत घेणारे, खोली भाड्याने देणारे लोक नसते तर ही वसाहत पहिली दोन वर्षेही तगली नसती.

पुढे बाजूच बदलली. आज गांधीनगर ही पश्चिम महाराष्ट्रातली कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. कोकण, बेळगाव आणि गोव्याकडचे दुकानदार इथून माल भरतात. लग्नाचा बस्ता बांधायला गाडी करून आठ-दहा जण गांधीनगरला येतात. गादीवर बसलेला दुकानदार साड्यांच्या घड्या उलगडत अस्सल कोल्हापुरी मराठीत 'काकी, ही बघा की' म्हणतो, आणि घासाघीस करणाऱ्या काकींना त्याचे आजोबा कुठून आले हे विचारायची गरज वाटत नाही. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, इष्टदैवत झूलेलालची मिरवणूक निघते. आसपासच्या गावांतली कितीतरी मुले दुकानांतून कामाला आहेत. तक्रारी आहेत, पण त्या आता वाहतूक कोंडी, पार्किंग, अतिक्रमण आणि सांडपाण्याच्या.

आठवणींच्या बाबतीतही वाटणी समान झालेली नाही. महावीर उद्यानात पोलिश स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत बालपण गेलेली वृद्ध मंडळी कोल्हापुरात आली तेव्हा त्यांचे राजेशाही थाटात स्वागत झाले. वॉर्सात २०१७ मध्ये कोल्हापूरचे स्मारक उभे राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले. छावणीच्या इतिहासातली सहृदयता खरी आहे, पण निघून गेलेल्या पाहुण्याचे गोडवे गाणे नेहमीच सोपे असते. ज्यांनी इथेच राहून कर भरला, भांडणे केली, निवडणुका लढवल्या, त्यांच्या येण्याची कथा पाहुण्यांना सांगायच्या इतिहासात क्वचितच येते.

प्रशासकीयदृष्ट्या गांधीनगरला स्वतंत्र ग्रामपंचायत आहे. कोल्हापूर महापालिकेच्या रखडलेल्या हद्दवाढीच्या प्रस्तावांत उचगाव, वळिवडे, मुडशिंगी यांच्याबरोबर गांधीनगरचेही नाव येत आले आहे. शहरात सामील व्हायला या गावांचा विरोध असून त्या प्रश्नावर माळावरची वसाहत आणि तिच्या शेजारची मूळ गावे एकाच बाजूला उभी आहेत.