रडारला बर्फ दिसतो तो त्यातल्या पाण्यामुळे

कोरडा, भुसभुशीत बर्फ मुठीत कितीही दाबला तरी त्याचा गोळा वळत नाही. जरासा ओलावा आला की वळतो, आणि वितळायला चांगली सुरुवात झाली असेल तर बोटांच्या फटींतून पाणी निथळतं. बर्फाचे अभ्यासक आजही खड्डा खणून, थराथरातून मूठभर बर्फ घेऊन ही परीक्षा करतात. उपग्रहावरचं रडार शेकडो किलोमीटरांवरून जवळपास हेच ओळखतं.

साध्या उपग्रहचित्रांना ढग आडवे येतात, रात्रही आडवी येते. रडार स्वतःच लहरी सोडतं आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपतं. २०१४ साली सोडलेल्या युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या लहरी सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या आहेत. ढगांतले बारीक थेंब त्यांच्या खिजगणतीतही नसतात.

मात्र कोरडा बर्फही त्यांना जवळजवळ पारदर्शकच असतो! लहर कित्येक मीटर आत शिरते आणि खालच्या जमिनीवर आपटून परत येते. त्यामुळे पातळ कोरडा बर्फ आणि उघडी जमीन यांत फरक करणं या रडारला फार अवघड जातं. पण बर्फाच्या कणांभोवती चार-पाच टक्के जरी पाणी सुटलं, तरी लहर काही सेंटीमीटरांतच विरून जाते. द्रवातला पाण्याचा रेणू लहरीबरोबर फिरू पाहतो आणि तिची ऊर्जा शोषतो. बर्फात तो जागच्या जागी जखडलेला असतो. (मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये बर्फाचा खडा पाण्यापेक्षा फार सावकाश तापतो तो याचमुळे.) हिवाळ्यातल्या प्रतिध्वनीच्या तुलनेत ताकद निम्म्यावर, म्हणजे ३ डेसिबलने उतरली, की तिथला बर्फ ओला झाला असं धरतात. संध्याकाळी क्षीण झालेला प्रतिध्वनी पहाटे पुन्हा सशक्त झाला, तर पृष्ठभाग रात्री पुन्हा गोठला असं समजायचं.

धरणांना आणि शेतीला हवं असतं ते वेगळंच उत्तर: या बर्फात पाणी किती? खोली मोजून भागत नाही. मीटरभर ताज्या बर्फातून साधारण १० सेंटीमीटर पाणी मिळतं, तर दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच बर्फातून ४० सेंटीमीटरही मिळू शकतं. इथे मला सर्वाधिक आशा वाटते ती लहरीच्या उशिराची. बर्फातून जाताना लहर मंदावते. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये नवा बर्फ साचला तर तिला किंचित उशीर होतो, आणि त्यावरून वाढलेल्या पाण्याचा अंदाज बांधता येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाकडे यासाठी २४ सेंटीमीटरच्या लांब लहरी आहेत. आखूड लहरींत हा उशीर लवकरच पूर्ण तरंगलांबीएवढा होतो आणि हिशेब चुकतो. लांब लहरींत ती अडचण कमी.

पण हे गणित बर्फ कोरडा असेपर्यंतच जमतं. ओलावा शिरला की वितळणं कळतं, साठा कळेनासा होतो. शिवाय रडारकडे पाठ असलेले तीव्र उतार सावलीत जातात. म्हणून उपग्रह डोक्यावरून जातो त्या दिवशी खाली कुणीतरी खड्ड्यात उतरून थरांचं वजन करत असतं.