सेंद्रिय व असेंद्रिय संयुगे : भेद व ओळख

ज्यांच्या रेणूचा सांगाडा कार्बनचा असतो आणि त्यात कार्बन इतर अणूंशी सहसंयुज बंधांनी (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणाऱ्या बंधांनी) जोडलेला असतो, ती सेंद्रिय (कार्बनी) संयुगे, बाकीची असेंद्रिय. बडोद्यात गुजराती माध्यमात शिकणारी मराठी मुले यांनाच ‘कार्बनिक’ आणि ‘अकार्बनिक’ म्हणतात. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, खाण्याचा सोडा, चुनखडी, सायनाइडे, कार्बाइडे यांत कार्बन असूनही त्यांची गणना असेंद्रियांत होते. यात तर्कापेक्षा वहिवाट अधिक.

शाळेत शिकवल्या जाणाऱ्या खुणा तीन : सेंद्रिय पदार्थ तापवल्यावर काळा पडतो, पाण्यात सहसा विरघळत नाही, आणि त्यात कार्बन-हायड्रोजन बंध असतो. तव्यावर साखर टाकली की ती वितळते, तांबूस होते, शेवटी कोळसा उरतो. मीठ नुसते तडतडते. ते वितळायला ८०१° से. तापमान लागते. इथवर ठीक. पण साखर पाण्यात सहज विरघळते, म्हणजे दुसरी खूण इथेच लंगडी पडते.

युरिया तर तिन्ही खुणांना चकवतो. बडोद्याजवळच्या फर्टिलायझरनगरातील ‘गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स’च्या कारखान्यात अमोनियापासून दोन खते बनत आली आहेत. सल्फ्युरिक आम्लाशी संयोग होऊन अमोनियम सल्फेट, आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन युरिया. दोन्ही पांढरी, दोन्हींत नायट्रोजन, दोन्ही पाण्यात विरघळणारी. पहिले असेंद्रिय, दुसरे सेंद्रिय. युरिया सुमारे १३३° से.ला पाण्यासारखा नितळ वितळतो, आणखी तापवला की अमोनियाचा वास येतो, पण काळा पडत नाही. त्यात कार्बन-हायड्रोजन बंधही नाही.

तरी तो सेंद्रिय का, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे; त्यातले वळण आले १८२८ साली. सेंद्रिय पदार्थ घडायला सजीवांतली ‘जीवनशक्ती’ लागते, असा तेव्हाचा समज. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्हलर यांना अमोनियम सायनेट या असेंद्रिय क्षारापासून, मूत्रात सापडणारा युरिया मिळाला. दोहोंतले अणू तेच आणि तितकेच. बदलली ती फक्त जोडणी. समज मात्र एका दिवसात गेला नाही. दुसरे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८४५ मध्ये अॅसिटिक आम्ल असेंद्रिय द्रव्यांपासून तयार केल्यावर तो आणखी ढिला पडला.

दोन खते ओळखायची तर अमोनियम सल्फेटच्या द्रावणातून वीज वाहते, युरियाच्या द्रावणातून जवळजवळ नाही. ओलसर चुन्यात चोळल्यास अमोनियम सल्फेटमधून लगेच अमोनियाचा भपकारा येतो. युरिया थंड असताना गप्प राहतो. प्रयोगशाळेत लासेनची चाचणी अधिक बोलकी. पदार्थ सोडियमबरोबर तापवून, पाण्यात उकळून गाळतात. त्या द्रावात फेरस सल्फेट घालून उकळतात व आम्ल टाकतात. युरियात कार्बन व नायट्रोजन दोन्ही असल्याने सायनाइड तयार होऊन गडद निळा रंग येतो. अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन असूनही तो येत नाही, कारण कार्बनच नाही. सोडियम पाणी लागताच पेट घेतो, म्हणून ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करतात.