सेटलमेंट की ऑर्चर्ड? पेडण्यातील भूरूपांतराची पार्श्वभूमी

गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्यात जागा बघायला येणारा माणूस पूर्वी विचारायचा, विहिरीला पाणी कुठपर्यंत टिकते, वाट कोणाच्या जमिनीतून जाते. आता पहिला प्रश्न असतो, "सेटलमेंट आहे की ऑर्चर्ड?" म्हणजे सरकारी नकाशात ही जमीन वस्तीच्या झोनमध्ये येते की बागायतीच्या. एकाच सड्यावर, एकाच गडग्याच्या अल्याडपल्याड असलेल्या दोन तुकड्यांच्या भावात जमीनअस्मानाचा फरक पडतो तो या दोन शब्दांमुळे.

जमिनीची जुनी नावे मातीवरून आणि पाण्यावरून पडलेली होती. खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली ती खाजन, रेताड ती केर, पावसावर पिकणारी वरची ती मोरड. माडांचे भाट, पोफळीचे कुळागर. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत बरीचशी जमीन गावकारीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, पोर्तुगीज कागदांतल्या कोमुनिदादची. तिचे रिवाज १५२६ च्या फोरालात, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदले गेले. कुठे काय पेरायचे, बांध कधी दुरुस्त करायचा, हे गावकार ठरवत. (या व्यवस्थेचे आज फार गोडवे गायले जातात. पण ती गावकारांच्या पुरुष वंशजांची होती. कसणाऱ्या कुळाला तिच्यात आवाज नव्हता.) पेडणे पोर्तुगिजांकडे आले ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकडून. इथे मोठ्या जमीनदारांचे वर्चस्व राहिले, म्हणून मुक्तीनंतरही इथला मुख्य प्रश्न जमीन कोणाची हाच होता. तिचा वापर कशासाठी, हे पुढचे.

पहिल्या प्रश्नाला १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या दुरुस्तीने कागदावर तरी उत्तर दिले. १९७५ चा मुंडकार कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा, राहत्या घरापुरता आला. १९६८ च्या जमीन महसूल संहितेने बिगरशेती वापरासाठी सनद, म्हणजे सरकारी परवानगी, लागेल असे ठरवले, तर १९९१ च्या कायद्याने कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही अशी अट घातली. कसणाऱ्याच्या हाती जमीन आली, या अटीमुळे तिचा बाजारभाव मात्र आला नाही. आज झोन बदलाला पाठिंबा देणाऱ्यांत सगळेच दलाल नसतात. काजूच्या भाटात धाकट्या मुलासाठी दोन खोल्या बांधू पाहणाराही त्यांत असतो, आणि त्याची अडचण खरी आहे.

वापराचा नकाशा आला तो १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातून. त्याखालचा प्रादेशिक आराखडा २००१ हा १९८६ मध्ये लागू झाला. घटकराज्य व्हायला अजून वर्ष होते. गोवाभरातील जमीन प्रथमच रंगांत वाटली गेली, प्रत्येक रंग एका वापराचा. पण रंग कोणासाठी बदलतो, याचा धडा फोंडा तालुक्याने दिला. केरीतील भूतखांब पठार आधी नायलॉन प्रकल्पासाठी दिले गेले. १९९५ मध्ये आंदोलनात एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला आणि प्रकल्प तमिळनाडूला गेला. दशकभराने त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्र आले, आणि २००७ सरता सरता सरकारला राज्यातील ही सगळी क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा करावी लागली.

त्याच सुमारास प्रादेशिक आराखडा २०११ चे रामायण घडले. २००६ मध्ये तो अधिसूचित झाला आणि डोंगर, शेते, किनारे सेटलमेंटच्या रंगात गेल्याचे लोकांच्या लक्षात आले. 'गोवा बचाव अभियाना'खाली निमंत्रक डॉ. ऑस्कर रिबेलो यांच्यासह हजारो लोक पणजीच्या आझाद मैदानावर उतरले. जानेवारी २००७ मध्ये आराखडा मागे घेतला गेला आणि राज्य पुन्हा १९८६ च्या नकाशावर आले.

पुढचा आराखडा, प्रादेशिक आराखडा २०२१, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या कृती दलाने केला. मसुदे पंचायतींपर्यंत गेले, गावोगावी लोकांनी नकाशे अंथरून आपापले ओहोळ आणि देवराया शोधल्या. गोव्याच्या नियोजनातला हा सर्वांत चांगला काळ, असे मी म्हणेन. भातशेती आणि खाजने 'इको-१' मध्ये गेली, बागायती 'इको-२' मध्ये. पण अंतिम नकाशे हाती आले तेव्हा गावाने सुचवलेले आणि छापलेले जुळत नसल्याच्या तक्रारी झाल्या. २०१२ मध्ये आराखडा स्थगित झाला, २०१८ मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला.

इथून पुढची कथा नकाशाची नाही, कलमांची आहे. २०१८ मध्ये नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १६ ब आले. ज्याला झोन बदलून हवा त्याने अर्ज करायचा. ते न्यायालयात अडकले आणि पुढे रद्द झाले. २०२३ मध्ये कलम १७ (२) आले, आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. चुका इतक्या निघाल्या की मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियमच रद्द केले. मधल्या काळात, २०२४ मध्ये, कलम ३९ अ आले होते. यात पुन्हा अर्ज, हरकतींसाठी ३० दिवस, मग नगर व ग्रामनियोजन मंडळ आणि सरकार. पूर्वी बदलाचे एकक अख्खे राज्य असे. आता ते एक सर्व्हे क्रमांक झाले.

हे सगळे पेडण्यात एकदम येऊन आदळले, कारण मोपा, तालुक्यातला नवा विमानतळ. त्याची जागा केंद्राने २००० मध्येच मान्य केली होती. विमाने उडू लागली जानेवारी २०२३ मध्ये. शिवोली-चोपडे पुलाने मोरजी आणि मांद्रे आधीच पर्यटनाला जोडले होते. आता वारखंड, नागझर, धारगळ अशी आतली गावेही बाजारात आली. तालुक्यासाठी झोनिंगचा मसुदा निघाला तेव्हा सत्ताधारी आमदारांनीही विरोध केला आणि २०२३ मध्ये तो गुंडाळला गेला. धारगळमध्ये तिळारी पाटबंधारे प्रकल्पाच्या पाटाखाली येणारी काही जमीन लाभक्षेत्रातून वगळली गेली, त्यावरही वाद झाला. पाणी पोचवायला पाट बांधायचा आणि मग जमीनच यादीतून काढायची, हे शेतकऱ्याला समजावून सांगणे अवघड आहे.

घरांची गरज हे भूरूपांतराचे नेहमीचे समर्थन. २०११ च्या जनगणनेत मात्र गोव्यातील साधारण पाचातले एक घर बंद होते.

आराखड्याचे २०२१ साल उलटले तेव्हा पुढचा प्रादेशिक आराखडा तयार नव्हता. त्या जागी वर्तमानपत्रांत बारीक टायपातल्या नोटिसा येऊ लागल्या: गाव, सर्व्हे क्रमांक, इतके चौरस मीटर, ऑर्चर्डमधून सेटलमेंट. पेडण्यातल्या चहाच्या हॉटेलांत आता मृत्यूच्या जाहिरातींइतक्याच बारकाईने त्या वाचल्या जातात, आपल्या शेजारचा आकडा कुठे दिसतो का ते बघत.