पिशवीतली फाईल

डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा असल्याने जन्मतः येणारी अवस्था) असलेलं बाळ जन्माला आलं की आईबापाच्या कानावर सगळ्यात आधी बहुधा हृदयाची गोष्ट येते. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. काही दोषांचं ऑपरेशन पहिल्या वर्षातच व्हावं लागतं. उशीर झाला तर फुप्फुसांतला रक्तदाब इतका वाढतो की मग ऑपरेशनही करता येत नाही. हृदयाशिवाय थायरॉइड ठरावीक काळाने तपासायचं, कान-डोळे दाखवायचे, मान धरायला उशीर म्हणून फिजिओथेरपी आणि पुढे बोलण्याची थेरपी. प्रत्येक ओपीडीचा वार वेगळा, केसपेपर वेगळा. चेनच्या प्लास्टिक पिशवीत हे सगळे कागद घेऊन आई फिरते. घडीवर फाटलेला टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, लसींचं कार्ड, मागच्या तारखेची चिठ्ठी. हृदयाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते थेरपिस्टना तिनेच सांगायचं, तेही कागदावरचं इंग्रजी वाचता येत नसताना.

मुलांच्या उपचारांची सांगड घालण्याचे आपल्याकडचे जुने प्रयत्नही एका आईपासूनच सुरू होतात. मुंबईच्या फातेमा इस्माईल स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. लहानग्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्या उपचारांसाठी त्यांना थेट मद्रास गाठावं लागलं. तिथे जे मिळालं ते इतर मुलांनाही मिळावं म्हणून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत पोलिओचा दवाखाना सुरू केला. पोलिओच्या मुलाला नुसतं ऑपरेशन पुरत नाही. पायाला आधार देणारा कॅलिपर लागतो, तो वाढत्या पायाबरोबर बदलावा लागतो, रोजचा व्यायाम लागतो आणि या धावपळीत शाळा सुटते. त्यांच्या कामातून हाजीअलीला उपचारांच्या जोडीला शिक्षणाचाही विचार झाला. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांना सापडलेली नेमकी उणीव: उपचार विखुरलेले होते.

सरकारी वाट शाळेतून गेली. भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात झाली. शालेय तपासणीचा साचा पुढे कितीतरी वर्षं तोच राहिला: उंची, वजन, दात, डोळे, आणि काही आढळलं तर पालकांच्या नावे चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन कुठे जायचं, हे पालकांनी बघायचं. आणि जे मूल शाळेच्या पायरीपर्यंत पोचलंच नाही, ते तपासणीत येणार कसं?

‘मेडिकल होम’ हा शब्द अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये वापरला, तेव्हा त्याचा अर्थ फार साधा होता: दीर्घ आजार असलेल्या मुलाचे सगळे कागद एकत्र राहतील अशी एक जागा. आपल्या आयांच्या पिशवीचंच काम. हवाईतल्या डॉ. कॅल्विन सिया यांनी पुढे तो अर्थ वाढवला. कागदांबरोबर मुलाची जबाबदारीही एका डॉक्टरने घ्यावी, बाकीच्यांशी त्यानेच बोलावं. १९९२ मध्ये संघटनेने हीच भूमिका अधिकृतपणे मांडली.

इकडे नवजात अतिदक्षता विभाग वाढले आणि पूर्वी जी बाळं वाचत नव्हती ती वाचू लागली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान घरी सोडलेल्या, जन्मवजन दोन किलोंपेक्षा कमी असलेल्या बाळांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. बाळ वाचवलं की काम संपत नाही, हे इतक्या चिकाटीने दाखवणारी उदाहरणं आपल्याकडे थोडी आहेत.

कायदा मागून आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. सिकलसेलने गांजलेल्या गडचिरोली-नंदुरबारच्या घरांना हा बदल फार जवळचा.

मुलांच्या तपासणी-उपचारांसाठीच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला झाली. यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात पहिली तपासणी, पहिल्या सहा आठवड्यांत आशाताई घरी, नंतर गाडीतून फिरणारं पथक: दोन आयुष डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकाला काही आढळलं तर मूल जिल्हा रुग्णालयातल्या ‘डीईआयसी’त, म्हणजे लहान वयातच उपचार सुरू करणाऱ्या केंद्रात पाठवायचं. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक एका छताखाली असावेत आणि सगळ्यांची मोट बांधायला एक व्यवस्थापक, अशी ही रचना आहे. १९०९ च्या तपासणीत चिठ्ठीच्या पुढे जे नव्हतं, ते इथे पहिल्यांदा कागदावर आलं.

जन्मतःच आत वळलेल्या, वाकड्या पायाचं उदाहरण घ्या. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ करत आणतात. मग पट्टीने जोडलेले खास बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपताना. पाय सरळ दिसला की घरच्यांना वाटतं, झालं काम. बूट सुटतात आणि पाय पुन्हा वळतो. प्लास्टर लावणारा डॉक्टर जिल्ह्याच्या गावी असतो. बूट नीट घातलेत का, हे घरी जाऊन बघू शकते ती आशाताईच. पण पहिल्या सहा आठवड्यांसारखी ठरलेली भेट या चार वर्षांसाठी तिच्या वहीत असेल तरच.