पेशीत पाणी शिरते कसे?

जाँ-अंत्वान नोले या फ्रेंच संशोधकाने १७४८ मध्ये मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने घट्ट बांधले आणि भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी ते मूत्राशय टरारून फुगले. पाणी आत शिरत होते, मद्यार्क मात्र तितक्या सहजी बाहेर पडत नव्हता. परासरणाचा, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी विरल द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाण्याचा, अभ्यास इथून सुरू झाला. विल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये परासरणाच्या दाबाची मोजमापे प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे व्हान्ट हॉफ यांनी त्याचे गणित मांडले.

पेशीचे पटल, म्हणजे तिचे पातळ आवरण, मात्र तोवर कोणाच्याही दृष्टीस पडले नव्हते. म्हणूनच अर्नेस्ट ओव्हरटन यांचे काम मला फार मोठे वाटते. १८९०च्या दशकात झुरिचमध्ये ते वनस्पतींच्या पेशी एकेका पदार्थाच्या द्रावणात ठेवून पाहत. पदार्थ बाहेरच अडला, तर पेशीतले पाणी निघून जाई आणि आतला भाग आकसून पेशीच्या कडक भित्तीपासून सुटे. पदार्थ झटकन आत गेला, तर आकसणे होतच नसे. शेकडो पदार्थ तपासल्यावर एक सूत्र हाती आले: तेलात विरघळणारे पदार्थ लवकर आत जातात. म्हणजे पेशीची सीमा मेदासारखी असणार! १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद पाण्यावर पसरला. त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली, म्हणून पटल दोन थरांचे. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या. सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. त्या एकमेकींना छेद देत होत्या, त्यामुळे निष्कर्ष बरोबर निघाला.

पण तेलात न विरघळणाऱ्या क्षारांचे काय? १९५७ मध्ये येन्स स्को यांना खेकड्याच्या चेतातंतूंत एक विकर (एन्झाइम) सापडले. ते एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूची ऊर्जा खर्चून तीन सोडियम बाहेर काढते आणि दोन पोटॅशियम आत घेते.

पाण्याचे कोडे सर्वांत चिवट ठरले. ते मेदातूनच झिरपत असावे, असे अनेकांना वाटे. मग तांबड्या पेशींत ते इतक्या वेगाने कसे शिरते? शिवाय पाऱ्याच्या संयुगांनी हा वेग मंदावत असे. पारा प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, त्यामुळे वाट प्रथिनाची असावी असा संशय बळावला. पीटर ॲग्रे यांना ते प्रथिन सापडले ऱ्हीसस रक्तगटाचा अभ्यास करताना. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने त्याचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची सूचना वाहणारा रेणू, बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि अंडी विरल द्रावणात ठेवली. काही मिनिटांत ती फुगून फुटली. न टोचलेली जशीच्या तशी राहिली.

ॲक्वापोरिन नावाच्या या वाहिनीतून सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत जातात. आम्लता ठरवणाऱ्या प्रोटॉनला, म्हणजे हायड्रोजनच्या धनभारित कणाला, मात्र तिथे मज्जाव असतो. तो मोकळा सुटला असता, तर पेशीला आपली आम्लता राखता आली नसती.