नाकातून निसटलेला 'ब'

नाक चोंदलेल्या माणसाला 'नाना' म्हणायला सांगा, 'दादा' ऐकू येईल. नाकाची वाट बंद झाली की 'न'चा 'द' होतो, 'म'चा 'ब'. आता नेमकं उलट. चार वर्षांचं पोर वडिलांना 'बाबा' अशी हाक मारतं आणि घरच्यांना 'मामा' ऐकू येतं. लोक त्याला गेंगाणं म्हणतात. जीभ ठीक असते, नाकाकडचं दार लागत नसतं.

हे दार म्हणजे मऊ टाळू, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. ङ, ञ, ण, न, म सोडले तर जवळपास सगळ्या व्यंजनांना तो वर उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. 'प'साठी तोंडात जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागतो. पण दारात २० चौरस मिलिमीटरची, म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी फट राहिली, तर तेवढाही टिकत नाही.

टाळू उचलणारा स्नायू डावी-उजवीकडून येऊन मधोमध जुळतो, झोळीसारखा. जन्मतः दुभंगलेल्या टाळूत मध्ये जुळायला जागाच नसते. मग त्याचे तंतू पुढे वळून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. ते आखडतात, पण दार उचललं जात नाही. वरवर भेग शिवली तर भोक बुजतं, झोळी मात्र तयार होत नाही. म्हणून अमेरिकन शल्यविशारद फरलो यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेली रीत मला फार आवडते. तोंडाकडच्या थरावर एक 'झेड' छेद, नाकाकडच्या थरावर त्याच्या उलटा दुसरा. अस्तराचे आणि स्नायूचे त्रिकोण अदलाबदल करून शिवले की तंतू आपोआप आडवे येतात आणि टाळूही लांबतो.

तरीही टाळू पुरला नाही, तर घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी सोडवून टाळूला जोडतात. मध्ये पूल, दोन्ही बाजूंना श्वासाची वाट. पूल फार रुंद झाला तर मूल घोरतं, क्वचित झोपेत श्वास अडतो.

(ग्रहणात आईने विळी धरली म्हणून टाळू फाटला, हे अजूनही ऐकू येतं. टाळू जुळतो गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत. त्याचा चंद्र-सूर्याशी काही संबंध नाही, त्या बाईला बोल मात्र जन्मभर.)

शस्त्रक्रिया जमली की नाकातला सूर उतरतो. पण 'काका'चं 'आ-आ' तसंच राहू शकतं, आणि पालक हिरमुसतात. दार गळत असताना मुलाने हवा त्याच्या खालीच, स्वरयंत्रात अडवायची युक्ती शोधलेली असते. ही सवय टाक्यांनी जात नाही. फुगे फुगवून, शंख फुंकूनही नाही, कारण फुंकताना टाळू ज्या तऱ्हेने हलतो, ती बोलण्यातली नव्हे. वाचा-उपचारतज्ज्ञ 'पा' थेट म्हणायला सांगतच नाहीत. आधी ओठांचा नुसता 'प्', मग सावकाश लांब 'हाऽऽ'. 'ह' म्हणताना स्वरतंतू उघडे असतात, त्यामुळे गळ्यात हवा अडवायची सोयच उरत नाही.