सर्व्हर हलवणं वेगळं, सर्व्हर एकत्र करणं वेगळं

समजा, बडोद्यात कोठी भागातल्या एखाद्या कार्यालयातले १२ सर्व्हर उचलून गांधीनगरच्या राज्य डेटा सेंटरमध्ये लावले. फायलीवर शेरा पडतो : ‘एकत्रीकरण पूर्ण’. झालेलं असतं ते निव्वळ स्थलांतर. चार बिऱ्हाडं एका वाड्यात आली तरी चुली चारच! यंत्रं १२ ती १२च, आणि लायसन्स, एएमसीही (वार्षिक देखभाल करार) तेवढ्याच.

एकत्रीकरणात यंत्रं कमी होतात. जुन्या सर्व्हरचा प्रोसेसर बऱ्याचदा ५-१० टक्केच राबतो, पण नुसता बसलेला सर्व्हरही वीज खातो. १५० वॉट धरा : वर्षाला १,३१४ युनिट. एसी-यूपीएसवर तितकीच गेली तर २,६२८. हे १२ सर्व्हर व्हर्च्युअल करून, म्हणजे सॉफ्टवेअरने एका यंत्रात अनेक सर्व्हर चालवून, दोन मोठ्या यंत्रांवर बसवता येतात. एकावर मुळीच नको. ते पडलं की सगळं कार्यालय ठप्प. हिशेब प्रोसेसरचा नव्हे, आधी मेमरीचा करावा, कारण तीच लवकर संपते. १६ जीबीचे १२ म्हणजे १९२ जीबी, आणि एक यंत्र बंद असताना दुसऱ्याला एवढा भार एकट्याने पेलता यायला हवा. वापराची मोजणी किमान ३० दिवस करा, शक्यतो मार्चअखेर धरून. एरवीचे आकडे फसवतात.

स्थलांतर वेगळ्याच जागी अडतं. अ‍ॅप्लिकेशन गेलं, डेटाबेस इथेच राहिला : एका पानाला डेटाबेसकडे २०० क्वेरी (विचारणा), प्रत्येकीच्या जाण्यायेण्याला ५ मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण सेकंद नुसत्या वाटेत. म्हणून दोन्ही एकाच वेळी हलवा. प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेले आयपी पत्ते (यंत्रांचे नेटवर्कवरचे क्रमांक) आधी शोधा, डीएनएसचा (नावावरून हा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा.

बंद केलेल्या सर्व्हरच्या खोल्या मोजून बचत ठरवू नये. अमेरिकेत २०१० साली केंद्र सरकारने डेटा सेंटर एकत्रीकरणाची मोहीम काढली. आधी ५०० चौरस फुटांवरच्याच खोल्या मोजल्या. २०१२ मध्ये व्याख्येत लहान खोल्याही आल्या आणि डेटा सेंटरचा आकडा फुगला. व्याख्या बदलली की यशही बदलतं.

आपल्याकडे खरी गळती खोली रिकामी झाल्यावर सुरू होते. निर्लेखनाचा (जुनी वस्तू नोंदीतून काढण्याचा) आदेश येईपर्यंत जुनी यंत्रं ‘लागली तर’ म्हणून चालूच राहतात, एसीही. डिस्क पुसल्याचं प्रमाणपत्र घ्या, एएमसीतून ते अनुक्रमांक वगळून घ्या, डेड स्टॉक रजिस्टरात (कार्यालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करा आणि वीज कंपनीकडे मंजूर भार कमी करण्याचा अर्ज द्या. तो राहिला, तर मीटर न फिरताही स्थिर आकार जुन्याच भाराने लागत राहतो.